मोठ्यांचे माप, लहानांचा दंड

लहान मुलांनाही उच्च रक्तदाब होतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांपासून या ना त्या स्वरूपात ठाऊक आहे. तरीही मुलांवर नित्य उपचार करणाऱ्या असंख्य दवाखान्यांत तो आजही मोजला जात नाही, मोजला तर ओळखला जात नाही आणि ओळखला गेला तरी त्याचा पाठपुरावा होत नाही. याचे खापर डॉक्टरांच्या हलगर्जीपणावर फोडणे सोपे असले, तरी ते न्यायाचे नाही. रक्तदाब मोजण्याचे उपकरण, त्याच्या आकड्याचा अर्थ लावण्याची रीत आणि तो आटोक्यात ठेवणारी औषधे हे सारे प्रौढ माणूस समोर ठेवून घडत गेले, आणि मुलांच्या वाट्याला ते नंतर, काटछाट करून आले. आज दवाखान्यात जे अडसर दिसतात, त्यांतला जवळजवळ प्रत्येक अडसर या इतिहासात कोठे ना कोठे उगम पावलेला आढळतो.

रक्ताला दाब असतो आणि तो मोजता येतो, हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी 1733 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून जगापुढे आले. त्यांनी एका घोडीच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फूट तीन इंचांपर्यंत चढले. अर्थात रोहिणी कापून केलेले हे मापन माणसाच्या उपयोगाचे नव्हते. पुढे फ्रान्समध्ये प्वाझय यांनी 1828 मध्ये उंच काचनळीऐवजी पाऱ्याची नळी वापरली आणि दाब मिलिमीटरमध्ये सांगण्याची प्रथा पडली, जी पारा दवाखान्यांतून हद्दपार होत असतानाही टिकून आहे. कातडी न कापता दाबाचा अंदाज घेण्याचे प्रयत्न त्यानंतर अनेकांनी केले; त्यांपैकी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महमद यांचे काम या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पाटण्याहून इंग्लंडला जाऊन स्थायिक झालेल्या शेख दीन महमद यांचे हे नातू. मनगटावरील नाडीचा आलेख काढणारे उपकरण सुधारून त्यांनी स्कार्लेट ज्वराच्या, म्हणजे घसा सुजून अंगावर लाल पुरळ उठणाऱ्या आणि मुख्यतः मुलांना होणाऱ्या तापाच्या, रुग्णांच्या नाड्या तपासल्या, आणि लघवीत प्रथिने उतरण्याच्या आधीच त्यांच्या रोहिण्यांतील ताण वाढलेला असतो, असे 1874 मध्ये मांडले. मूत्रपिंडाचा आजार लघवीत दिसण्यापूर्वी रक्तदाबात दिसू शकतो, हा विचार अशा रीतीने मुलांच्या आजाराच्या निरीक्षणातूनही पुढे आला. महमद 1884 मध्ये विषमज्वराने वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले, आणि त्यांच्या कामाचे महत्त्व वैद्यकविश्वाला पुरते उमगण्यास बराच काळ जावा लागला.

आज सर्वांच्या ओळखीचे असलेले, दंडाभोवती पट्टा आवळून हवा भरण्याचे उपकरण इटलीतील तुरीन येथे शिपिओने रिवा-रोच्ची यांनी 1896 मध्ये सिद्ध केले. सायकलच्या चाकातील रबरी नळी, शाईची दौत, तांब्याच्या नळ्या आणि पारा अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी ते उभे केले होते. पट्ट्यात हवा भरत गेल्यावर मनगटाची नाडी ज्या क्षणी लागेनाशी होते, तो आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा, बोलीभाषेतला ‘वरचा’ दाब. हेच रिवा-रोच्ची पुढे काही वर्षे पाव्हिया विद्यापीठात बालरोगशास्त्र शिकवत होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. कारण त्यांच्या उपकरणातील जो दोष लवकरच उघड झाला, तोच मुलांच्या बाबतीत पुढे सर्वांत दीर्घकाळ छळणारा ठरला. त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. दंडाच्या मानाने पट्टा अरुंद असला की रोहिणी दाबण्यासाठी पट्ट्यात गरजेपेक्षा जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खऱ्याहून मोठा येतो. हाइनरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी 1901 मध्ये ही चूक दाखवून दिली आणि सुमारे तेरा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सुचवला.

ही दुरुस्ती प्रौढांच्या दंडासाठी होती आणि तेथे ती चोख होती. मुलांच्या बाबतीत मात्र तिने चूक उलट दिशेला नेली, कारण मोठ्या माणसाच्या मापाचा रुंद पट्टा चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दंडावर बांधला की तो खांद्यापासून कोपरापर्यंत सारा दंड व्यापतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो; म्हणजे ज्या मुलाचा दाब वाढलेला आहे, तोही कागदावर निरोगी ठरतो. पट्ट्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे चाळीस टक्के असावी आणि तिच्या लांबीने घेराचा ऐंशी ते शंभर टक्के भाग वेढला जावा, हा आज मान्य झालेला नियम आहे. तो पाळायचा, तर तान्ह्या बाळापासून पंधरा वर्षांच्या स्थूल मुलापर्यंत किमान चार-पाच मापांचे पट्टे हाताशी लागतात. ज्या दवाखान्यात एकच यंत्र आणि त्याला जोडलेला एकच पट्टा असतो, तेथे मुलाचा रक्तदाब मोजला न जाणे आणि चुकीचा मोजला जाणे यांत निवड करणे अवघड होते.

रिवा-रोच्चींचे उपकरण 1901 मध्ये पाव्हियाला गेलेल्या हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदांनी बाल्टिमोरला नेले. सेंट पीटर्सबर्ग येथील सैनिकी वैद्यक अकादमीतील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये पट्ट्याखालच्या रोहिणीवर स्टेथोस्कोप ठेवला, तर हवा सोडताना क्रमाने बदलत जाणारे आवाज ऐकू येतात, हे दाखवले. त्यामुळे पहिला आवाज उमटतो तो वरचा दाब आणि आवाज मावळतो तो ‘खालचा’ दाब, म्हणजे हृदय सैलावतानाचा दाब, अशी दोन्ही टोके हाती आली. मुलांत ही रीतही पूर्णपणे सरळ चालली नाही. पुष्कळ लहान मुलांत आवाज मंद होतो पण पूर्ण थांबत नाही, तो पट्टा जवळजवळ रिकामा होईपर्यंत ऐकू येत राहतो. त्यामुळे आवाज मंदावला तो क्षण धरायचा की थांबला तो, यावर तज्ज्ञांत कित्येक दशके एकमत नव्हते. तान्ह्या बाळांत तर आवाज ऐकू येणेच कठीण, म्हणून 1952 मध्ये गोल्डरिंग आणि वोल्टमन यांनी बाळाचा तळवा दाबून पांढरा करायचा आणि पट्ट्यातील हवा सोडताना त्यावर लाली केव्हा परतते ते पाहायचे, अशी युक्ती सुचवली होती. ती खटपटीची होती आणि स्वयंचलित यंत्रे आल्यावर मागे पडली, पण एका आकड्यासाठी बालरोगतज्ज्ञांना किती आटापिटा करावा लागत होता, हे तिच्यावरून कळते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांचा रक्तदाब मोजला गेला तो प्रामुख्याने रुग्णालयाच्या खाटेवर, आणि तोही मूल उघडपणे गंभीर आजारी असताना. त्या काळातील दोन शस्त्रक्रियांनी डॉक्टरांच्या मनावर खोल ठसा उमटवला. 1938 मध्ये लेडबेटर आणि बर्कलंड यांनी साडेपाच वर्षांच्या एका मुलाचे एकच बिघडलेले मूत्रपिंड काढून टाकल्यावर त्याचा चढलेला रक्तदाब उतरल्याचे प्रसिद्ध केले. आणि 1944 मध्ये स्टॉकहोम येथे क्लेरेन्स क्राफोर्ड यांनी बारा वर्षांच्या मुलाच्या महारोहिणीतील चिंचोळा भाग कापून दोन टोके जोडली. महारोहिणी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. ती जन्मतःच एके ठिकाणी आवळलेली असली, तर हातांत दाब चढतो आणि पायांत पडतो. या यशांमुळे मुलाचा रक्तदाब वाढलेला दिसला की मूत्रपिंड, हृदय किंवा ग्रंथी यांतला दोष शोधण्याची शिस्त बालवैद्यकात रुजली, आणि तिने अनेक जीव वाचवले. परंतु तिच्यासोबत एक समजही रुजला, तो असा की मुलांतला उच्च रक्तदाब म्हणजे दुर्मिळ आणि गंभीर प्रकार, जो मोठ्या रुग्णालयाने पाहायचा. वरून निरोगी दिसणाऱ्या, सर्दी-खोकल्यासाठी आलेल्या मुलाच्या दंडावर पट्टा बांधण्याचे कारण या समजात कोठेच बसत नव्हते.

भारतातील अनुभवही याच वळणाचा होता. खरूज चिघळून किंवा घसा येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलाचे तोंड सुजणे, लघवी चहाच्या रंगाची होणे आणि रक्तदाब चढून प्रसंगी झटके येणे, हे मूत्रपिंडदाहाचे चित्र येथील बालरोग विभागांना चांगले परिचयाचे आहे. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला, तेव्हापासून त्या वनस्पतीकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले. तिच्यातून वेगळे काढलेले रेझर्पिन हे द्रव्य पन्नाशीच्या दशकात मूत्रपिंडदाहाने दाब चढलेल्या मुलांनाही दिले जाऊ लागले. उपचार हाती आला, तोही पुन्हा खाटेवरच्या मुलासाठीच.

हा समज हलला तो एका साध्या दवाखान्यातल्या चिकाटीमुळे. अमेरिकेतील सेंट लुइस येथे खासगी व्यवसाय करणाऱ्या सोल लाँड या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडे नेहमीच्या तपासणीसाठी येणाऱ्या मुलांचे रक्तदाब मोजून 1966 मध्ये प्रसिद्ध केले, आणि 1971 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की वरकरणी पूर्ण निरोगी असलेल्या काही मुलांचा रक्तदाबही सातत्याने चढा असतो. संशोधन मोठ्या संस्थांतच होते असे मानणाऱ्या जगात या कामाचे मोल फार मोठे आहे. त्याच सुमारास आयोवातील मस्कटीन आणि लुइझियानातील बोगालुसा या दोन लहान गावांत शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली आणि लहानपणी वरच्या पायरीवर असलेले मूल मोठेपणीही बहुधा वरच्याच पायरीवर राहते, हे हळूहळू स्पष्ट झाले. या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने नेमलेल्या कार्यगटाने 1977 मध्ये मुलांसाठी पहिले तक्ते दिले आणि तीन वर्षांपुढील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा, असे सांगितले.

तक्ता आला, आणि त्याच्यासोबत नवी अडचणही आली. प्रौढांत 140/90 किंवा 130/80 असा एक आकडा पाठ असला की काम भागते. मुलांत रक्तदाब वयाबरोबर आणि उंचीबरोबर वाढत जातो, म्हणून ‘शतमक’ ही संकल्पना वापरावी लागते. एकाच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या शंभर मुलांना रक्तदाबाच्या क्रमाने उभे केले, तर पंचाण्णवाव्या मुलाचा आकडा हा पंचाण्णवावा शतमक; तीन वेगवेगळ्या भेटींत दाब या रेषेवर किंवा तिच्या वर भरला, तरच उच्च रक्तदाबाचे निदान करायचे. 1987 च्या अहवालाने सत्तर हजारांहून अधिक मुलांच्या मोजण्या एकत्र केल्या, पण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांत खालच्या दाबासाठी आवाज मंदावण्याचा आणि त्यापुढे आवाज थांबण्याचा क्षण धरावा, असा दुहेरी नियम ठेवला. 1996 मध्ये तो नियम सुटसुटीत करून सर्व वयांत आवाज थांबण्याचाच क्षण ठरवण्यात आला आणि त्याच वेळी तक्त्यांत उंची आणली गेली. 2004 मध्ये चौथा अहवाल आला. 2017 मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने तक्ते पुन्हा मांडताना स्थूल मुलांच्या मोजण्या वगळल्या, कारण त्यांच्यामुळे ‘सामान्य’ मानली जाणारी पातळीच वर सरकली होती. तेरा वर्षांपुढील मुलांना प्रौढांचे आकडे लावण्याची सोयही त्याच वेळी झाली. प्रत्येक दुरुस्ती शास्त्रदृष्ट्या योग्यच होती. मात्र वीस मिनिटांत चार मुले तपासणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक दुरुस्तीबरोबर नवा तक्ता, नवा रकाना आणि नवी सीमारेषा शिकावी लागत होती, याचा विचार तक्ते करणाऱ्यांनी बराच उशिरा केला.

हा प्रश्न किती खोल आहे, ते एका उदाहरणावरून ध्यानात येते. सहा वर्षांच्या मुलाचा रक्तदाब 112/72 असा केसपेपरवर लिहिला गेला, तर प्रौढांचे आकडे अंगवळणी पडलेल्या डोळ्याला तो उत्तम वाटतो आणि केसपेपर पुढे सरकतो. 2017 च्या प्राथमिक चाळणीच्या तक्त्यानुसार मात्र या वयाच्या मुलग्याचा वरचा दाब 105 किंवा खालचा 66 भरला, तरी तो पुन्हा काळजीपूर्वक मोजायला हवा. येथे चूक डोळ्यांना दिसतच नाही, कारण आकडा अक्षरशः डोळ्यांसमोर असतो. क्लीव्हलँड येथील हॅन्सन, गन आणि केल्बर यांनी 2007 मध्ये नेमके हेच मोजून दाखवले: संगणकीय नोंदी असलेल्या 14,187 मुलांपैकी 507 मुलांचे आकडे निदानाच्या अटी पूर्ण करत होते, पण त्यांतल्या केवळ 131 मुलांच्या, म्हणजे सुमारे चौथाईच्या, नोंदींत उच्च रक्तदाबाचा उल्लेख होता. या मुलांचे रक्तदाब मोजले गेले होते, लिहिले गेले होते आणि तरीही ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. यावर उपाय म्हणून केल्बर यांनीच 2009 मध्ये शेकडो आकड्यांचा तक्ता आटवून 64 आकड्यांवर आणला, आणि 2017 ची चाळणीची यादी त्याच विचाराने केलेली आहे. पुढे मिनेसोटातील दवाखान्यांत संगणकानेच आकडा शतमकाशी ताडून डॉक्टरांना सूचना देण्याची व्यवस्था केली, तेव्हा तेथे वाढलेला दाब ओळखला जाण्याचे प्रमाण सुमारे पंचावन्न टक्के, तर ती व्यवस्था नसलेल्या दवाखान्यांत सुमारे एकवीस टक्के असल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवस्था सुधारली की डॉक्टरांच्या हातून जास्त निदाने होतात, हे यावरून सिद्ध होते. आणि तरीही पंचेचाळीस टक्के मुले निसटतातच, हेही.

त्या निसटण्यामागे मोजणीच्या क्षणाचे स्वरूप आहे. नियमानुसार मूल तीन ते पाच मिनिटे शांत बसलेले असावे, त्याची पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर किंवा पाटावर टेकलेली असावीत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर असावा आणि हात उजवाच असावा, कारण महारोहिणी आवळलेली असल्यास डावा हात फसवा, कमी आकडा देऊ शकतो. प्रत्यक्षात बाह्यरुग्ण विभागात मूल आईच्या मांडीवर असते, शेजारच्या खोलीत लस टोचली जात असते, एक रडले की दुसरे सूर धरते, आणि ज्या परिचारिकेने वजन-उंची घ्यायची तिनेच पट्टा बांधायचा असतो. रडणाऱ्या मुलाचा आकडा चढाच येतो. म्हणून तो सोडून दिला जातो आणि त्याच सवयीने खरा चढलेला आकडाही ‘घाबरला असेल’ म्हणून सोडला जातो. पांढऱ्या कोटाच्या धास्तीने वाढलेला दाब आणि खरा आजार यांची फारकत करण्यासाठी चोवीस तास दंडावर राहणारे यंत्र उपयोगी असते, पण ते मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांपलीकडे सहसा मिळत नाही. शिवाय निदानासाठी तीन भेटी लागतात, आणि ज्या आजारात मूल खेळते, जेवते, शाळेत जाते, त्याच्यासाठी रोजंदारी बुडवून तीनदा दवाखान्यात येणे पालकांना पटवणे सोपे नसते.

शास्त्रज्ञांतही या बाबतीत एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2013 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये, लक्षणे नसलेल्या मुलांचा सरसकट रक्तदाब तपासण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा प्रामाणिक आहे. दहा वर्षांच्या मुलाला पन्नाशीत काय होते हे पाहणारी चाचणी चाळीस वर्षे चालवावी लागेल, आणि तशी ती कोणी चालवलेली नाही. पण पुरावा नसणे आणि अपाय नसणे या निराळ्या गोष्टी आहेत. मापन स्वस्त आणि वेदनारहित असताना आणि त्यातून मूत्रपिंडाचा किंवा महारोहिणीचा लपलेला दोष उघड होण्याची शक्यता असताना, अकादमीने धरलेला वार्षिक मोजणीचा आग्रहच अधिक समंजस वाटतो.

औषधांचा इतिहासही याहून वेगळा नाही. रक्तदाबाची बहुतेक औषधे प्रौढांवर तपासली गेली आणि मुलांना ती वजनाच्या अंदाजाने दिली गेली. अमेरिकेने 1997 च्या कायद्याने मुलांवर चाचण्या करणाऱ्या कंपन्यांना बाजारातील मक्तेदारीची सहा महिने वाढ देऊ केली, तेव्हा कोठे मुलांच्या मात्रांची माहिती औषधांच्या पत्रकांवर येऊ लागली. भारतात आजही अनेक ठिकाणी मोठ्यांची गोळी चौथाई करून किंवा कुटून तिच्या पुड्या बांधून दिल्या जातात, आणि एका पुडीत किती औषध उतरले याची खात्री देता येत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर ज्ञान आणि व्यवहार यांतले अंतर अधिकच ठळक दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या 477 मुलांची आठव्या वर्षी तपासणी करून बावडेकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवले की आजचे वजन, वय आणि लिंग जमेस धरल्यावर, जन्मतः कमी वजनाच्या मुलांचा वरचा रक्तदाब अधिक असतो. म्हणजे ज्या देशात कमी वजनाची बाळे मोठ्या संख्येने जन्मतात, त्या देशात हा प्रश्न शहरी, सुखवस्तू, स्थूल मुलांपुरता मर्यादित नाही. भारतीय तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाड्या आणि शाळांपर्यंत तपासणी पथके नेली, परंतु त्या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या मूळ यादीत जन्मजात हृदयदोष आणि संधिवाती हृदयविकार असताना उच्च रक्तदाबाला स्वतंत्र जागा नव्हती. मुलाच्या उंची-वजनाची नोंद करणारे पथक दारापर्यंत पोहोचलेलेच आहे. त्याच्या पेटीत लहान मापाचे दोन-तीन पट्टे आणि वयानुसार आकड्यांची एक पानी यादी ठेवणे, आणि चढा आकडा आलेल्या मुलाची दुसरी व तिसरी मोजणी शाळेतच करून पालकांच्या फेऱ्या वाचवणे, हे जिल्हा परिषदांनी आणि आरोग्य विभागाने आता हाती घ्यावे.